दवंडीचा दुसरा अर्धा

अथेन्स, ४ मार्च १९६१

मिर्सिनी,

मी जिवंत आहे, पोटाला मिळतं आहे, आणि पिरेयसच्या गोदीतली हमाली सोडली आहे. मधे एका छापखान्यात होतो, पण तिथल्या शिशाच्या वासाने डोकं भणभणायचं. मग एकाच्या ट्रकवर संत्री विकायला निघालो. काय संत्री होती ती! सालीला नख लावलं की सगळी गल्ली घमघमायची. तर तो ट्रक एका मोठ्या फाटकासमोर बंद पडला. फाटक निघालं सिनेमाच्या स्टुडिओचं. आतून एक जण धावत आला, त्याला दिवा धरायला माणूस हवा होता. मी धरला. संत्रीवाला माझ्याशिवाय निघून गेला आणि मी तिथेच राहिलो.

इथे विनोदी सिनेमे निघतात, भट्टीतून पाव निघावेत तसे. दिवा धरून उभं राहिलं की ऐकण्यावाचून दुसरा उद्योग नसतो, त्यामुळे एक गोष्ट लक्षात आली. इथे माणसाला आधी बोली चढवतात, मग कपडे. वकील आला की छापील बोलणार, 'प्रस्तुत प्रसंगी' नि 'तदनंतर', बायकोकडे मीठ मागतानासुद्धा. श्रीमंत बाई दर वाक्यात एक फ्रेंच शब्द पेरणार. गोदीकडचा दादा असा ओढत बोलणार, जणू एकेका शब्दाला खुर्ची देऊन बसवतोय. स्मिर्नाहून निर्वासित होऊन आलेली म्हातारी सगळ्यांना 'माझ्या सोन्या' म्हणणार. आणि खेड्यातला काका. तो तर प्रत्येक सिनेमात असतोच. अथेन्सला येतो, सगळं उलटंपालटं करतो आणि शेवटी पुतण्याचं लग्न लावून देतो. आमचे दिग्दर्शक क्लेआंथिस साहेब म्हणतात, प्रेक्षकाने डोळे मिटले तरी दारातून कोण आत आलं ते कळलं पाहिजे.

या सिनेमातला काका म्हणजे फोर्तुनातोस, बडा नट. लोक त्याला नुसतं बघून हसतात. पण त्याचं खेडवळ बोलणं कुठल्याच खेड्यातलं नव्हतं. थोडं डोंगरातलं, थोडं बेटावरचं, उरलेलं मनाचं. काल जेवणाच्या सुट्टीत (मसुराची आमटी होती, आणि व्हिनेगर घालताना हात आखडलेला) मी शेजारच्याला म्हटलं, आमच्याकडचा म्हातारा असा बोलणार नाही. तो म्हणाला, मग कसा बोलेल. ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस असूनही खानावळीच्या पाटीवर कोकराचं मटण लिहिलेलं होतं. मी ती पाटी काढून हातात घेतली आणि दवंडी दिली.

"समस्त ग्रामस्थांस कळविण्यात येते की, आज रोजी कोकराचे मांस भाजण्यात आलेले आहे. म्हंजी, मटण हाय. पर आपल्यासाठी न्हाय."

कोण ते तू ओळखलंच असशील. आई-बाबांच्या मागे आपल्याला ज्या माणसाने वाढवलं, त्या प्रोकोपिस काकांची चौकातली दवंडी मी पाळण्यात असल्यापासून ऐकतोय. सरकारी कागद आधी छापील भाषेत वाचायचा. मग टोपी मागे सारून 'म्हंजी' म्हणायचं आणि तोच कागद आपल्या बोलीत सोलून गावाच्या हातात द्यायचा. मी टोपीसुद्धा मागे सारली. सगळी खानावळ गडबडा लोळली, क्लेआंथिस साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. आजपासून मी दिवा धरत नाही. फोर्तुनातोसला काका शिकवतो. तो शिकतोही असा की मधेच माझ्या अंगावर काटा येतो.

काकांना सांगू नकोस. मीच लिहीन.

इग्नातिस


पालिओमिलोस, २२ मार्च १९६१

इग्नातिस,

तुझ्या पत्रातली संत्री, छापखाना आणि आमटी वगळली तर मुद्द्याचं अर्ध्या पानात मावलं असतं. पण ठीक आहे, खुशाली कळली.

कार्निव्हलला तू आला नाहीस. काका नेहमीसारखे खेचरावर उलटे बसून चौकात आले. यंदा टर उडवून घ्यायची पाळी घाणेवाल्या दुकासची. त्याने बायकोच्या माहेरची माणसं येणार म्हणून फाटकाला निळा रंग दिला, मग ती आलीच नाहीत म्हणून पुन्हा जुना दिला. काकांनी ते अशा काही चालीत जुळवलं होतं की पाद्रीबाबांना बाकावर बसावं लागलं. मग दुकास पिंपावर चढून उत्तर द्यायला लागला. कसलं उत्तर, नुसतं अडखळणं. पण काका खाली उतरले, टोपी काढून त्याच्यासमोर उभे राहिले आणि त्याचा शेवटचा शब्द संपेपर्यंत जागचे हलले नाहीत. ज्याची टर उडवली त्याचं उभं राहून ऐकायचं. तुला आठवत असेल. सात-आठ वर्षांचा असताना तू सुताराची नक्कल केलीस आणि त्याने तोंड उघडायच्या आत पळालास. काकांनी तुला कानाला धरून परत आणून उभं केलं होतं.

म्हणून सांगते. त्यांचं सोंग काढलंस त्याला माझी ना नाही, अख्खं गाव काढतं. पण त्यांना लिहून टाक. ते सगळीकडे सांगत सुटलेत की आमचा पोरगा अथेन्सात दिवे लावतो. लोक तोंड फिरवून हसतात, त्यांना त्याचा पत्ता नाही.

मिर्सिनी


अथेन्स, ११ जून १९६१

मिर्सिनी,

सिनेमा लागला. तिकिटाच्या खिडकीपासून कोपऱ्यावरच्या न्हाव्यापर्यंत रांग असते. काल ट्राममधे दोन शाळकरी मुली एकमेकींना 'म्हंजी, हाय, पर आपल्यासाठी न्हाय' म्हणत होत्या. मला सांगावंसं वाटलं की हे आमचं आहे, आमच्या चौकातलं, पण माझा थांबा आला.

दुसरी बातमी मोठी. पुढच्या सिनेमात खेड्यातून आलेल्या पोराचं काम क्लेआंथिस साहेब मलाच देणार म्हणतात. चेहरा कसाही चालेल म्हणाले, बोलणं तेवढं तेच ठेव. विचार कर, मी पडद्यावर. ज्याला कुठल्याही कामावर दोन महिने कुणी टिकवून घेतलं नाही, तो.

काकांना लिहायला दोनदा बसलो. पहिल्यांदा पावसाने घर गळायला लागलं. दुसऱ्यांदा शेजारचा पोपट सुटला आणि आम्ही सगळे गच्चीवर. लिहितो लवकरच.

इग्नातिस


पालिओमिलोस, १८ सप्टेंबर १९६१

इग्नातिस,

तू लिहिलं नाहीस. मीही बोलले नाही, तुझं तू सांगशील म्हणून. आता काय झालं ते ऐक.

दोन आठवड्यांमागच्या शनिवारी सिनेमावाला ट्रक आणि जनरेटर घेऊन आला. दुकासच्या घाण्याच्या भिंतीला चुना मारला होता, सगळ्यांनी घरून खुर्च्या आणल्या. काका पहिल्या रांगेत, धुतलेला सदरा घालून. पुतण्याचे दिवे बघायला.

वकील आला, सगळे हसले. फ्रेंच बोलणारी बाई आली, त्याहून हसले. मग तुझा फोर्तुनातोस आला, आणि त्याने तोंड उघडलं. मग सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या. आणि काका हसले. खरंच सांगते, सगळ्यांत आधी तेच हसले, शेजारच्याला कोपराने ढोसून. मग ती खानावळ, ती पाटी, ती टोपी मागे सारणं. गाव लोटपोट झालं. तेव्हा काका खुर्चीवर चढले.

म्हणाले, "अरं शहाण्या, मटण आपल्यासाठी न्हाय ह्ये कळाया तुला पाटी वाचावी लागली? आमास्नी वासावरनंच कळतंय."

चांगलं उत्तर होतं, रे. वर्षातलं सगळ्यात चांगलं. उत्तर द्यायचा त्यांचा हक्कच होता, ते द्यायला ते उठले. आणि भिंतीवरचा माणूस बोलतच राहिला. काका म्हणाले, थांब की जरा. तो थांबला नाही. उलट गाणं सुरू झालं. काकांनी आवाज चढवला. त्यांची सावली त्या भिंतीवर पडली होती, हात वर केलेली, आणि गाणारी बाई त्या सावलीतून इकडून तिकडे जात होती. मग सिनेमावाला ओरडला की आजोबा, खाली बसा, दिसत नाही. तेव्हा जे हसू फुटलं ते आधीच्यासारखं नव्हतं.

ते उतरले, खुर्ची उचलली आणि घरी गेले.

पाठोपाठच्या सोमवारी दवंडी होती, बकऱ्यांना लस टोचायची. काका चौकात उभे राहिले, कागद छापील भाषेत वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि चालू लागले. लोक थांबलेले. 'म्हंजी' आलंच नाही. कुणाला काय कळणार? अर्ध्यांनी बकऱ्या आणल्याच नाहीत. त्यानंतरची दवंडी तशीच आणि कालचीही तशीच. घरातही तेच. मी जेवायला वाढते तर म्हणतात, भोजन स्वीकारण्यात येत आहे. पहिल्यांदा मला हसू आलं. आता येत नाही.

मिर्सिनी


अथेन्स, २ ऑक्टोबर १९६१

मिर्सिनी,

तुझं पत्र वाचून मी बाहेर पडलो आणि चालत चालत कुठे पोचलो ते सांगत नाही, कारण तिथे एक माणूस ऑक्टोपस दगडावर आपटत होता आणि मी त्याचंच लिहीत बसेन.

लोकांनी हसावं असं मी करायला नको होतं. त्यांना ते लागलं, कुणालाही लागेल. काकांना वेगळं पत्र टाकलंय, त्यात माफी मागितली आहे आणि लिहिलंय की पुढच्या सिनेमाचं काम मी सोडतो. क्लेआंथिस साहेबांना अजून सांगितलेलं नाही. शूटिंग वसंतात आहे, तोवर ते थांबतील. पण काका पुन्हा पहिल्यासारखे बोलणार असतील तर मी परत दिवा धरीन. नाहीतर संत्री विकीन.

इग्नातिस


पालिओमिलोस, २० ऑक्टोबर १९६१

श्री. इग्नातिस यांस,

सविनय कळविण्यात येते की, आपले पत्र प्राप्त झाले. सदर पत्रातील क्षमायाचना अनावश्यक असल्याने ती या पत्रासोबत परत करण्यात येत आहे.

हसण्याबाबत खाली सही करणाऱ्याची कोणतीही तक्रार नाही. तो स्वतः हसला असून त्यास साक्षीदार उपलब्ध आहेत. सदर नक्कल उत्तम होती, टोपीसह.

तथापि, भिंतीवरील इसमास रीतसर उत्तर देण्यात आले असता त्याने ते ऐकून घेतले नाही. चौकशीअंती असे समजते की, तो इसम अन्य गावांतही याच प्रकारे बोलत असून कोणत्याही गावी थांबत नाही. जेथे उत्तर ऐकले जात नाही तेथे सदर बोली वापरणे खाली सही करणाऱ्याने बंद केलेले आहे.

नोकरी सोडण्याची आवश्यकता नाही. त्याने काही साध्य होत नाही.

हे सर्व संबंधितांस कळावे.

प्रोकोपिस, ग्रामदवंडीदार


पिरेयस, १४ मार्च १९६२

मिर्सिनी,

परवा पहाटे निघालो तेव्हा तू झोपेत होतीस, म्हणून बोललो नाही. कार्निव्हलला तू बायकांबरोबर वरच्या गॅलरीत होतीस. तिथून चौकातलं काय आणि किती ऐकू आलं देव जाणे, म्हणून मला जसं झालं तसं लिहितो.

काकांचं ते पत्र हिवाळाभर कोटाच्या खिशात होतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा नुसतं हसलो, मग रागावलो. बऱ्याच दिवसांनी, एका दुकानात बूट शिवायला टाकले होते आणि अनवाणी बसलो होतो, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी समजत होतो की लोक हसले म्हणून ते रुसले. पत्रात तर साफ लिहिलं होतं की हसण्याची तक्रार नाही. त्यांना कुणीतरी समोर उभं राहायला हवं होतं. फोर्तुनातोस काही पालिओमिलोसला येणार नाही. म्हणजे उरलो मीच.

तर मी आलो. काका यंदा खेचरावर बसणार नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं, खेचर नुसतंच फुलं लावून उभं होतं. मी त्यावर उलटा बसलो आणि काकांची दवंडी सुरू केली. जी अथेन्समधे हजारो लोकांना हसवते तीच, पाटीसकट, टोपीसकट. ते समोर काठी टेकून उभे होते.

आणि मिर्सिनी, कुणी हसलं नाही. गॅलरीत तुम्हाला वाटलं असेल की लोक काकांना बिचकले. तसं नव्हतं. मी चेहरे बघत होतो. ते चक्क ऐकत होते, दवंडी ऐकतात तसं. सुताराची म्हातारी आई पुढे होती, ती सुनेला म्हणाली, बरोबर बोलतोय की, मटण कुठं मिळतंय? ते सगळे तसेच बोलतात. त्यात हसण्यासारखं काय? जी गोष्ट मी विकून खातो ती तिथे नुसतं बोलणं होती.

मी गडबडलो आणि तोंडून निघून गेलं, "एक मिनिट हं मंडळी, जरा घोटाळा झाला."

चौक फुटला. तो आवाज तू ऐकलाच असशील. मला कळेना काय झालं. दुकास पोट धरून पिंपाला टेकला होता. मी अथेन्सचा झालोय हे मला सोडून सगळ्यांना ऐकू येत होतं.

मग काका पिंपावर चढले. मला वाटलं आता 'कळविण्यात येते की'. नाही. त्यांनी मनगटावर नसलेलं घड्याळ बघितलं, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "अहो, एक कॉफी मिळेल का? जरा लवकर हं, मी बिझी आहे." मग मी घरी येताना बसच्या पायरीवरून बॅग कशी धरतो ते. मग मी तुला 'थँक यू' म्हटलं होतं ते. मिर्सिनी, मी पुतण्या आहे म्हणून सांगत नाही, तो माणूस फोर्तुनातोसला दिवा धरायला ठेवील. आजवर मी शेकडो नकला बघितल्या, पण त्यांत मी कधी नव्हतो. पाय पळायला बघत होते, सुताराच्या वेळेसारखेच. मी खाली उतरलो, टोपी काढली आणि उभा राहिलो. शेवटपर्यंत.

ते संपवून खाली आले, माझ्याजवळून गेले, माझी टोपी माझ्याच हातातून घेऊन माझ्या डोक्यावर ठेवली आणि घरी गेले. बोलले काहीच नाहीत. घरीही नाही. दुसऱ्या दिवशी जेवताना 'भोजन समाप्त झालेले आहे' तेवढं. म्हणजे मी आलो ते फुकटच गेलं असं धरून चाललोय. इथे क्लेआंथिस साहेब पुढच्या आठवड्याच्या शेवटी उत्तर मागणार आहेत. नाही म्हणेन. त्या बोलीने पैसे मिळवायचे आणि ज्याची ती बोली तो गप्प बसलेला, हे मला जमणार नाही. बंदरात कोबी भरलेलं एक जहाज लागलंय, क्रीटला जातंय, माणसं घेतात म्हणे.

इग्नातिस


पालिओमिलोस, १७ मार्च १९६२

म्हंजी असं, पोरा.

मागल्या कागदाचा ह्यो दुसरा अर्धा. उशीर झाला, पर आधी तुझ्याकडनं यायचं व्हतं ते आलं न्हवतं. आता आलं.

मास्तरला इचारलं, आपलं बोलनं कागदावर कसं ल्ह्यायचं. तो म्हनला, तसं ल्हीत न्हाईत. म्हटलं बोलत्यात तर ल्हीत का न्हाईत, आन बसलो ल्ह्याया. चुकलं आसंल तर तुझ्या त्या साहेबास्नी दावू नगंस.

मिर्सिनीनं तुझं पत्र वाचून दावलं. कोबीच्या जहाजात बसू नगंस, तुला समुद्र लागतो, लहानपनी मिथिम्ना बंदराच्या फेरीत सगळ्या नावंला ठावं झालं व्हतं. सिनेमात काम कर. नक्कल तुझी चांगली हाय. चौकात कुनी हसलं न्हाय म्हून जीवाला लावून घेऊ नगंस. चौकात मला तरी कोन हसतंय? मी बोलतो, लोक बकऱ्या आनत्यात.

काल दवंडी व्हती, पान्याच्या पाळीची. कागद वाचला आन टोपी मागं सारली. म्हटलं, म्हंजी, वरल्या आळीला मंगळवारी, खालल्या आळीला शुक्रवारी, आन दुकासनं दोन्ही दिशी चोरू नये. दुकास म्हनला, आता उत्तर देऊ का? म्हटलं, कार्निव्हलपातुर थांब.

आता अट ऐक. तुझा सिनेमा हितं येईल तवा तूबी ये. भिंतीजवळ हुबा ऱ्हा, टोपी काढून. तो वरला बोलू दे काय बोलायचं ते. त्याचं झालं की मी खुर्चीवर चढंन. मी बोलंन, तू ऐक.

सिनेमावाल्याला आधीच सांगून ठेव, गानं जरा थांबव म्हनावं.

काका